श्वानासह सहल : प्रथमोपचाराची पूर्वतयारी

रायपूर हे तलावांचे शहर म्हणून जुन्या काळापासून ओळखले जाते. छत्तीसगढी बोलीत ज्याला 'तरिया' म्हणतात, असे लहानमोठे तलाव या शहराच्या अनेक वस्त्यांतून आढळतात. त्यांपैकी तेलीबांधा तलावाचा काठ आज नागरिकांच्या फेरफटक्याचे आवडते ठिकाण झाला आहे. 'मरीन ड्राइव्ह' या नावाने तो अधिक परिचित असून तेथे २०१६ साली उभारलेला ८२ मीटर उंचीचा ध्वजस्तंभ दुरूनही दृष्टीस पडतो. सकाळ-संध्याकाळ येथे फिरायला येणाऱ्यांत पाळीव कुत्र्यांना सोबत आणणारेही असतात. येथून जवळच नवा रायपूरचा मोकळा परिसर आणि सेंध जलाशय आहे. थोडे पुढे जावे तर महानदीकाठचे राजीम आहे आणि एका दिवसाची सवड असली तर धमतरीजवळचे गंगरेल धरण आहे. भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगढात स्थिरावलेली मराठी कुटुंबे असोत किंवा बदलीच्या नोकरीमुळे अलीकडे आलेली असोत, सुटीच्या दिवशी या वाटा सर्वांनाच खुणावतात. आता या सहलींत घरातला चौपायी सदस्यही हक्काने सामील होऊ लागला आहे.

साताऱ्याजवळ संगम माहुली येथे छत्रपती शाहू महाराजांच्या 'खंड्या' या लाडक्या कुत्र्याची समाधी दाखवली जाते. वाघाच्या हल्ल्यातून त्याने धन्याचे प्राण वाचवले, असे परंपरेने सांगतात. धन्याचे रक्षण करणाऱ्या कुत्र्याच्या कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत. कुत्र्याच्या रक्षणासाठी पुरेशी तयारी करून घराबाहेर पडणारा धनी मात्र त्या मानाने विरळा. सहलीला निघताना माणसांसाठी शिदोरी, औषधे, छत्र्या, टोप्या असे सारे आठवणीने घेतले जाते. कुत्र्यासाठी घेतला जातो तो गळ्यातला पट्टा आणि फार तर बिस्किटांचा एक पुडा. अपघात घडल्यानंतर पशुवैद्याकडे पोहोचेपर्यंतचा अर्धा-पाऊण तास निर्णायक ठरतो, आणि नेमक्या त्याच वेळी हाताशी काही नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी फारसा खर्च लागत नाही. थोडे ज्ञान आणि थोडी शिस्त पुरेशी होते.

प्रथमोपचाराची मर्यादा

प्रथमोपचार म्हणजे उपचार नव्हे, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यायला हवी. प्राण्याचा जीव टिकवणे, इजा वाढू न देणे आणि त्याला सुरक्षितपणे पशुवैद्याच्या हाती सोपवणे एवढेच त्याचे कार्य आहे. म्हणूनच प्रथमोपचारात 'काय करावे' याइतकेच 'काय करू नये' याला महत्त्व असते. घाबरलेल्या मालकाने घाईने केलेला उपाय मूळ इजेपेक्षा अधिक घातक ठरू शकतो.

दुसरी गोष्ट माणसाच्या सुरक्षिततेची. वेदनेने व्याकूळ झालेला कुत्रा, मग तो कितीही प्रेमळ असो, जवळ येणाऱ्या हाताला चावू शकतो. म्हणून समोरून एकदम झेप न घेता बाजूने, हळू आवाजात बोलत त्याच्याजवळ जावे. आवश्यकता भासल्यास रुंद बँडेजच्या पट्टीने त्याचे तोंड सैलसर बांधावे : नाकावर पट्टीचा एक वेढा द्यावा, टोके हनुवटीखाली आणून पुन्हा बांधावीत आणि मग कानामागे सुटी गाठ मारावी. मात्र कुत्रा ओकत असेल, धापा टाकत असेल, बेशुद्ध असेल किंवा त्याला उष्माघात झाला असेल, तर तोंड कदापि बांधू नये. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींच्या बाबतीतही हा उपाय वर्ज्य आहे.

आधी निरोगी कुत्रा ओळखावा

कुत्रा आपले दुखणे बोलून दाखवू शकत नाही. म्हणून तो निरोगी असताना कसा असतो याची नोंद ठेवणे ही पहिली पूर्वतयारी होय. निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे माणसापेक्षा थोडे अधिक असते. ते गुदद्वारातून मोजावे लागते. त्यासाठी डिजिटल तापमापक वापरावा, त्याच्या टोकाला थोडे व्हॅसलीन लावावे आणि तो कुटुंबाच्या तापमापकापासून वेगळा ठेवावा. विश्रांतीच्या अवस्थेत कुत्र्याचा श्वास मिनिटाला साधारण १० ते ३० वेळा चालतो. नाडीचे ठोके मिनिटाला ६० ते १४० पडतात. मोठ्या कुत्र्यांत ते कमी, तर लहान कुत्र्यांत अधिक असतात. मागच्या पायाच्या मांडीच्या आतील बाजूस बोटे ठेवली की नाडी लागते.

हिरड्यांची पाहणी तर कोणालाही सहज जमणारी आहे. निरोगी हिरड्या गुलाबी आणि ओलसर असतात. बोटाने दाबल्यावर पांढरा पडलेला भाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. पांढुरक्या हिरड्या रक्तस्राव किंवा आघात सुचवतात, निळसर हिरड्या प्राणवायूची कमतरता दाखवतात आणि विटेसारखा गडद लाल रंग उष्माघाताचा इशारा देतो. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात. त्यांच्या बाबतीत खालच्या पापणीच्या आतील बाजू पाहावी. घरी निवांत वेळी ही पाहणी दोन-चारदा केली की कुत्र्यालाही तिची सवय होते आणि बाहेर बिघाड झाल्यास तो चटकन लक्षात येतो.

पिशवीत काय असावे?

प्रथमोपचाराची पिशवी स्वतंत्र, पाणी न झिरपणारी आणि गाडीत हाताशी राहील अशी असावी. तिच्यात पुढील वस्तू असाव्यात :

१. निर्जंतुक गॉझचे चौकोन, कापूस, गुंडाळण्याच्या दोन-तीन रुंद पट्ट्या, एक क्रेप बँडेज आणि चिकटपट्टी.

२. जखम धुण्यासाठी सलाईनची बाटली आणि पोव्हिडोन आयोडीनचे द्रावण. हे द्रावण फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून वापरावे.

३. बोथट टोकाची कात्री, चिमटा, सुई काढलेली एक मोठी सिरिंज (जखमेवर पाण्याची धार सोडण्यासाठी) आणि रबरी हातमोजे.

४. डिजिटल तापमापक, लहान टॉर्च आणि व्हॅसलीन.

५. जादा पट्टा व साखळी, कुत्र्याच्या मापाचे मुसके आणि जखम चाटू न देणारी गळ्याभोवतीची शंकूच्या आकाराची पट्टी.

६. एक जाड चादर, दोन जुने टॉवेल, एक जुना पायमोजा आणि साबणाची वडी.

७. पिण्याचे पाणी आणि पसरट भांडे. कुत्र्याचे पाणी माणसांच्या पाण्यापेक्षा वेगळे मोजावे आणि अंगावर ओतण्यासाठी आणखी पाच लिटरचा एक कॅन ठेवावा.

यादीतील चादर काहींना अनावश्यक वाटेल. पण ३० किलोंचा लॅब्रॅडॉर पाय मोडून पडला, तर त्याला एकट्याने उचलणे जवळजवळ अशक्य असते. अशा वेळी चादर त्याच्याशेजारी पसरून पाठीचा कणा न वाकवता त्याला हळूच तिच्यावर सरकवावे आणि दोघांनी टोके धरून उचलावे. हीच त्याची डोली.

यादीत वेदनाशामक गोळ्या नाहीत, हेही मुद्दाम लक्षात घ्यावे. माणसांसाठी घरोघरी असणाऱ्या पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन या गोळ्या कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. यकृत, रक्त, जठर आणि मूत्रपिंड यांवर त्यांचे गंभीर परिणाम होतात. कुत्र्याला दिले जाणारे कोणतेही औषध पशुवैद्याने त्याच्या वजनाप्रमाणे ठरवून दिलेलेच असावे. हळद, चुना, राख, केरोसीन असे घरगुती लेपही टाळावेत. त्यांमुळे जखम नीट दिसत नाही आणि कुत्रा ते चाटून पोटात घेतो.

निघण्यापूर्वीची कागदपत्रे आणि चौकशी

पिशवीत एक छोटे कार्ड असावे. त्यावर कुत्र्याचे नाव, वय, वजन, लसीकरणाच्या तारखा, चालू औषधे, पूर्वी झालेले दुष्परिणाम आणि नेहमीच्या पशुवैद्याचा दूरध्वनी क्रमांक लिहावा. त्याच कार्डाचे छायाचित्र भ्रमणध्वनीत ठेवावे. गळ्यातील पट्ट्यावर मालकाचा क्रमांक कोरलेला असावा, कारण फटाक्याने किंवा वाजंत्रीने बिथरलेला कुत्रा अनोळखी ठिकाणी क्षणात दिसेनासा होतो.

याहून महत्त्वाची आहे ती वाटेवरची चौकशी. ज्या गावी जायचे, त्याच्या जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कोठे आहे, रविवारी तो कोणत्या वेळी उघडा असतो आणि तेथे सर्पदंशावरील प्रतिविष मिळते की नाही, हे तीन प्रश्न आदल्या दिवशी दूरध्वनीवरून विचारून घ्यावेत. रायपूरकरांना दुर्गजवळील अंजोरा येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय परिचित आहे. २०१२ साली स्थापन झालेल्या कामधेनू विश्वविद्यालयाचे ते केंद्र होय. महाराष्ट्रातील वाचकांना नागपूर आणि मुंबई येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांचा आधार आहे. मुंबईत परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय तर १८८३ पासून प्राण्यांची सेवा करीत आहे. १९६२ या क्रमांकावर मिळणारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकांची सेवा प्रामुख्याने पशुधनासाठी आहे. तरीही आडगावी जवळच्या पशुवैद्याची माहिती मिळवताना हा क्रमांक हाताशी असलेला बरा.

लसीकरण ही तर प्रथमोपचाराच्याही आधीची पायरी. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिस यांवरील लसी वेळच्या वेळी दिलेल्या असाव्यात. डिस्टेंपरचा धोका केवळ पाळीव कुत्र्यांपुरता नाही. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या जंगलात सिंहांचे जे मृत्यू झाले, त्यांत या विषाणूची बाधा आढळून आली होती. बारनवापारासारख्या अभयारण्यात पाळीव कुत्रा नेऊ नये, या नियमामागचे एक कारण हेही आहे. अशा ठिकाणी जायचे असल्यास कुत्र्याची सोय घरीच करावी. त्याला गाडीत बंद करून ठेवणे हा पर्याय नव्हे.

ऊन : सर्वांत मोठा शत्रू

छत्तीसगढ आणि विदर्भ यांचा उन्हाळा सारखाच कठोर. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि काही दिवस ४५ अंश सेल्सियसच्या आसपास रेंगाळतो. माणसाला सर्वांगाने घाम येतो; कुत्र्याला तशी सोय नाही. पंजांच्या तळव्यांना येणारा थोडासा घाम सोडला, तर त्याचा सारा भार जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर असतो. हवा दमट असली की तोही उपाय तोकडा पडतो. लठ्ठ, वृद्ध आणि दाट केसांच्या कुत्र्यांना धोका अधिक असतो. २००३ च्या सुमारास हच कंपनीच्या जाहिरातीमुळे घराघरांत पोहोचलेला पग हा चपट्या नाकाचा कुत्रा तर या बाबतीत विशेष नाजूक आहे. त्याच्या आखूड श्वसनमार्गातून पुरेशी हवा खेळत नाही.

यावरचा खरा उपाय वेळेच्या निवडीत आहे. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी सूर्यास्तानंतरच फिरावे. डांबरी रस्त्यावर किंवा फरशीवर पालथा हात टेकवून सात सेकंद ठेवावा. हाताला चटका सोसवत नसेल, तर कुत्र्याचे पंजेही तेथे भाजतील. बंद गाडी सावलीत असली तरी तिच्यातील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंश सेल्सियसने वाढू शकते. 'पाच मिनिटांत येतो' म्हणून कुत्र्याला गाडीत ठेवून दुकानात जाणे म्हणजे त्याच्या प्राणाशी खेळ होय.

अखंड धापा, घट्ट लाळ, गडद लाल हिरड्या, डगमगती चाल, ओकारी, हगवण आणि शेवटी कोसळणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. शरीराचे तापमान १०५ ते १०६ अंश फॅरनहाइटच्या वर गेले की मेंदू, यकृत आणि मूत्रपिंड यांना इजा होऊ लागते. अशा वेळी कुत्र्याला गाडीत घालून लगेच दवाखान्याकडे धाव घ्यावी, असे पूर्वी अनेकांना वाटे. आजचे पशुवैद्यकीय मार्गदर्शन वेगळे आहे : आधी थंड करावे, मग न्यावे. कुत्र्याला सावलीत आणून सोबतचे पाणी अंगभर, विशेषतः पोटावर, काखांत आणि मांड्यांत ओतत राहावे आणि पंख्याने, पुठ्ठ्याने किंवा टॉवेल हलवून वारा घालावा. पाणी बर्फाचेच हवे असे नाही. कुत्र्याच्या शरीरापेक्षा थंड असले म्हणजे पुरे. ओला टॉवेल अंगावर तसाच पांघरून ठेवू नये, कारण तो तापतो आणि उष्णता आतच कोंडतो. तापमान १०३ अंशांवर आले की पाणी ओतणे थांबवावे. शुद्धीवर असल्यास घोटघोट पाणी पिऊ द्यावे, पण तोंडात बळेच ओतू नये. नंतर गाडीतील वातानुकूलन सुरू ठेवून त्याला दवाखान्यात न्यावे. कुत्रा तरतरीत दिसू लागला म्हणून ही भेट टाळू नये. आतील इंद्रियांना झालेली इजा कित्येकदा एक-दोन दिवसांनी प्रकट होते.

जखमा, गळ आणि कुसळे

तलावाच्या काठी आणि सहलीच्या जागी सर्वाधिक आढळणारी इजा म्हणजे फुटलेल्या बाटलीच्या काचेने पंजा कापणे. पंजाच्या गादीतून रक्त पुष्कळ वाहते. त्यावर गॉझची जाड घडी ठेवून सलग पाच मिनिटे घट्ट दाबून धरावी. मध्येच उचलून पाहिल्यास गोठू लागलेले रक्त पुन्हा वाहते. घडी भिजली तर ती न काढता वरून दुसरी ठेवावी. रक्त थांबल्यावर बोटांच्या मध्ये कापूस ठेवून पट्टी गुंडाळावी आणि त्यावर जुना पायमोजा चढवावा. खोल रुतलेली काच किंवा काटकी स्वतः उपटू नये. ती हलणार नाही अशा रीतीने भोवती पट्टी बांधून दवाखाना गाठावा.

मासे पकडणाऱ्यांनी टाकलेला गळ ही जलाशयाकाठची आणखी एक आपत्ती. गळाला उलटा काटा असतो, त्यामुळे ओढून काढताना मांस फाटते. तो ओठात किंवा पंजात रुतला असेल तर दोरी कापून, कुत्र्याला पंजा तोंडाशी नेऊ न देता पशुवैद्याकडे न्यावे. गळ गिळला असेल आणि दोरी तोंडातून लोंबत असेल, तर ती ओढू नये आणि जवळून कापूही नये. तीच दोरी पुढे पशुवैद्याला मार्ग दाखवते.

पावसाळा सरल्यावर माळरानावरील गवताला कुसळे धरतात. ती केसांत शिरून बोटांच्या बेचक्यांत, कानात आणि कधी डोळ्यांत रुततात. त्यांची रचना अशी असते की ती पुढेच सरकतात, मागे येत नाहीत. सहलीनंतर कुत्रा एकसारखे डोके झटकू लागला किंवा एकच पंजा चाटू लागला, तर कुसळाचा संशय घ्यावा. बेचक्यात वर दिसणारे कुसळ चिमट्याने काढता येते. कानातले मात्र पशुवैद्यावर सोपवावे.

हाड मोडल्यास ते सरळ करण्याचा किंवा लाकडी पट्ट्या बांधण्याचा खटाटोप करू नये. कुत्र्याला स्थिर ठेवून चादरीच्या डोलीतून न्यावे. वाहनाचा धक्का लागलेला कुत्रा वरून धडधाकट दिसला तरी आत रक्तस्राव होत असू शकतो. हिरड्या फिकट पडत असतील, तर एक क्षणही दवडू नये.

साप, मधमाश्या आणि गोचीड

धानाची शेते, तलावांचे बांध आणि पावसाळी गवत ही सापांची आवडती ठिकाणे. कुत्रा कुतूहलाने नाक खुपसतो आणि दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायांवर होतो. घोणसाच्या दंशाने सूज, तीव्र वेदना आणि रक्तस्राव दिसतो. नाग आणि मण्यार यांच्या विषाने पापण्या मिटू लागतात, पाय लटपटतात आणि श्वासाचे स्नायू शिथिल होतात; मण्यारच्या दंशाची खूण तर कित्येकदा सापडतही नाही. भारतात मिळणारे बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर लागू पडते. माणसांसाठी बनवलेले हेच औषध पशुवैद्यही वापरतात. त्याला दुसरा पर्याय नाही.

म्हणून सर्पदंशानंतरची कृती अगदी थोडी आहे. कुत्र्याला चालवू नये, उचलून न्यावे. गळ्यातील पट्टा काढावा, कारण सूज मानेपर्यंत पसरू शकते. दवाखान्यास दूरध्वनी करून प्रतिविष असल्याची खात्री करावी आणि निघावे. दंशाची जागा कापणे, रक्त चोखणे, दोरीने आवळून बांधणे, बर्फ लावणे हे सर्व वर्ज्य आहे. साप मारण्यात वेळ घालवू नये. सुरक्षित अंतरावरून छायाचित्र मिळाले तर तेवढे पुरे.

उंच झाडांवर, पुलांखाली आणि पाण्याच्या टाक्यांवर आग्यामोहोळ असते. माश्या उठल्या तर आधी तेथून दूर पळावे, उपचार नंतर. कातडीत राहिलेला काटा नखाने किंवा कार्डाच्या कडेने खरवडून लवकर काढावा आणि त्या जागी थंड पाण्याची घडी ठेवावी. चेहरा सुजणे, ओकाऱ्या, धाप आणि फिकट हिरड्या ही तीव्र प्रतिक्रियेची चिन्हे आहेत. अनेक दंश झाले असतील किंवा घशात दंश झाला असेल, तर तत्काळ दवाखाना गाठावा.

गोचीड हा दिसायला क्षुद्र, परंतु परिणामाने मोठा शत्रू आहे. घरी परतल्यावर कानांच्या आत, मानेखाली, काखांत आणि बोटांमध्ये हात फिरवून तपासणी करावी. गोचीड चिमट्याने कातडीला लागून धरावी आणि सरळ, सावकाश ओढावी. केरोसीन टाकणे, काडीने चटका देणे किंवा उघड्या बोटांनी चिरडणे टाळावे. पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप, मलूलपणा, नाकातून रक्त किंवा गडद रंगाची लघवी दिसल्यास पशुवैद्याला गोचिडीचा उल्लेख आवर्जून सांगावा. एर्लिकिया आणि बॅबेसिया यांचे आजार गोचिडीमार्फतच पसरतात आणि वेळीच निदान झाल्यास ते आटोक्यात येतात.

अनोळखी कुत्रा चावल्यास हातमोजे घालून जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि लस पूर्वी दिलेली असली तरी त्याच दिवशी पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. या झटापटीत माणसाला दात किंवा ओरखडा लागला तर त्यानेही तसेच धुऊन रुग्णालयात जावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. त्याला रोखण्याची वेळ त्यापूर्वीचीच असते.

पाणी आणि शिदोरी

तलाव दिसला की कुत्र्याला त्यात उतरण्याचा मोह होतो. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात. पाण्यावर हिरव्या रंगाचा तवंग दिसत असेल तर त्यातील शेवाळसदृश जीवाणू यकृतावर घाला घालू शकतात. म्हणून पिण्याचे पाणी घरून न्यावे आणि अशा पाण्यात कुत्रा उतरलाच तर त्याने अंग चाटण्याआधी त्याला स्वच्छ पाण्याने धुवावे. पावसाळ्यात अंगावर चामखिळीसारखे उंचवटे असलेला बेडूक कुत्र्याने तोंडात धरला, तर तोंडाला फेस येतो. त्याचे डोके खाली झुकवून, पाणी घशात जाणार नाही अशा बेताने बाजूने तोंड धुवावे. लक्षणे न ओसरल्यास पशुवैद्याकडे न्यावे.

शिदोरीतही धोका असतो. चॉकलेट, द्राक्षे व मनुका, कांदा-लसूण आणि साखरविरहित च्युइंगमामधील झायलिटॉल हे पदार्थ कुत्र्यांना अपायकारक आहेत. शिजवलेल्या कोंबडीचे हाड फुटून टोकदार होते आणि घशात किंवा आतड्यात रुतते. काही विषारी खाल्ल्याचा संशय आला तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. पदार्थाचे वेष्टन सोबत घेऊन, तो किती आणि केव्हा खाल्ला हे पशुवैद्याला सांगावे.

श्वास थांबल्यास

बुडणे, गुदमरणे किंवा विजेचा धक्का यांमुळे कुत्र्याचा श्वास थांबला, तर पशुवैद्याकडे पोहोचेपर्यंत कृत्रिम श्वसन आणि हृदयदाब हाच एक उपाय उरतो. २०१२ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि २०२४ मध्ये सुधारलेल्या 'रिकव्हर' या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत त्याची पद्धत दिली आहे. कुत्रा हाकेला किंवा स्पर्शाला प्रतिसाद देत नाही आणि छाती हलत नाही, असे दिसताच त्याला कुशीवर झोपवावे. तोंडात काही अडकले असल्यास काढून टाकावे. मग छातीच्या सर्वांत रुंद भागावर दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावा. प्रत्येक दाब छातीच्या रुंदीच्या एक-तृतीयांश ते निम्म्यापर्यंत खोल जावा आणि नंतर छाती पूर्ण फुगू द्यावी. कारवान किंवा मुधोळसारख्या अरुंद, खोल छातीच्या कुत्र्यांत दाब थेट हृदयावर, म्हणजे पुढच्या पायाचा कोपर छातीला टेकतो तेथे द्यावा. पग किंवा बुलडॉगसारख्या रुंद छातीच्या कुत्र्याला उताणे झोपवावे, तर पिल्लाची छाती एका हाताच्या मुठीत धरून दाबावी. दर ३० दाबांनंतर तोंड मिटून धरून नाकातून दोन श्वास द्यावेत. दोन मिनिटांनी व्यक्ती बदलावी, कारण थकलेल्या हाताचा दाब उथळ होतो.

झटके आले तर मात्र कुत्र्याला धरू नये आणि त्याच्या तोंडात हात घालू नये. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात आणि घड्याळात वेळ पाहावी. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला किंवा पाठोपाठ दुसरा आला, तर ती आणीबाणी समजावी.

तरतूद

संकट येण्यापूर्वी केलेली तरतूदच संकटात उपयोगी पडते, हे व्यवहारातील तत्त्व येथेही लागू आहे. पशुवैद्यकीय उपचार, शस्त्रक्रिया आणि प्रतिविष यांचा खर्च अनपेक्षितपणे मोठा होऊ शकतो. त्यासाठी दरमहा थोडी रक्कम वेगळी ठेवावी, आणि श्वानविमा घ्यायचा असल्यास त्यातील वयाची अट, वगळलेले आजार व लसीकरणाची अट आधी वाचून घ्यावी. भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची सोय सर्वत्र झाली असली, तरी धरणाच्या किंवा जंगलाच्या परिसरात संपर्क तुटतो. म्हणून थोडी रोख रक्कम पिशवीतच असावी. वर्षातून दोनदा, उन्हाळा आणि पावसाळा सुरू होण्यापूर्वी, पिशवी रिकामी करून मुदत संपलेल्या वस्तू बदलाव्यात, तापमापकाची बॅटरी तपासावी आणि कार्डावरील वजन व लसींच्या तारखा नव्याने लिहाव्यात.

घरातील एकाच व्यक्तीला हे सारे ठाऊक असून चालत नाही. पिशवी कोठे आहे, तोंड कसे बांधायचे, रक्त कसे दाबायचे आणि कोणाला दूरध्वनी करायचा, हे मुलांसह सर्वांनी एकदा घरीच करून पाहावे. सहलीच्या दिवशी कुत्र्याला घेऊन नेमके कोण पुढे गेलेले असेल, हे कोणालाच आधी सांगता येत नाही.